एक नंबरचा बिल्ला

दिवा राहू दे लावलेला. मगाशी टाळ्या पिटत होता ना, आता गप्प बसा. हे माझ्या साडूच्या जिवावर बेतलेलं आहे, हसण्यावारी न्यायचं नाही.

साडू कागदाच्या कारखान्यात फिटर. गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, रात्रीचे पावणेनऊ. सगळे जेवायला गेलेले. मोठ्या रोलरचं बेअरिंग कुरकुरत होतं, म्हणून हा ग्रीसचा डबा घेऊन निघाला. पाच मिनिटांचं काम.

तो कारखाना थोरल्या मालकांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये, एका मशीनवर उभा केला. एकदा ते स्वतः मशीनमध्ये हात घालून बसलेले आणि कुणीतरी न बघता मशीन सुरू करायचा खटका ओढला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. त्या माणसाला त्यांनी कामावरून काढलं नाही. पितळी बिल्ले करून घेतले, प्रत्येकाच्या नंबराचे. आत शिरण्याआधी आपला बिल्ला खटक्याला अडकवायचा. ज्याने लावला, त्यानेच काढायचा. एक नंबर मालकांचा. पुढे कामगारांसाठी त्यांनी हॉस्पिटल बांधलं, फुकट. देवमाणूस! त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. बिल्ला ऑफिसात, फोटोखाली, काचेच्या पेटीत कुलपात असतो.

आता मालक म्हणजे नातू. हॉस्पिटल विकायला काढलेलं. आजोबांचं नाक घेतलंय, अक्कल तिथेच राहिली.

साडूने सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला अडकवला आणि दोन रोलरच्या मध्ये खांद्यापर्यंत शिरला. तेवढ्यात नातू आला.

"हे मशीन बंद का?"

"मालक, मी आत आहे!" साडू ओरडला. पण नातवाच्या डोक्यावर पंखा घरघरत होता, त्याला ऐकूच गेलं नाही.

"बिल्ला काढायचा विसरून जेवायला गेला वाटतं, गाढव."

टण्. बिल्ला फरशीवर पडला.

साडूला काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. बायको आठवली, म्हणाला... माझी मेहुणी. तिला सातवा लागलेला.

खटका पडला.

रोलर फिरला. आधी बाही गेली. मग कातडी... मनगटापासून कोपरापर्यंत... हाड उघडं पडलं.

आणि रोलर थांबला.

मग किंकाळी. साडूची नव्हे.

तो कसाबसा बाहेर आला. नातू खटक्यापाशी गुडघ्यांवर. उजवा हात पोटाशी. रक्त भिंतीवर, छतावर. तीन बोटं नाहीत. खटका रोलरपासून पंधरा पावलं लांब, बरं का... आणि बोटं सापडली रोलरमध्ये. चपटी झालेली.

दोघांचे हात आजोबांच्याच हॉस्पिटलात शिवले. विकायची भाषा पुन्हा कुणी केली नाही.

आणि खटक्याला...

एक नंबर.

ऑफिसातल्या पेटीचं कुलूप जसंच्या तसं. आत काही नाही.

बाकीची मशीनं चालतात. ते वर्षभर बंद आहे. मी साडूला म्हटलं, "अरे, एवढासा पितळेचा तुकडा, काढून टाक की."

त्याने शिवलेल्या हातावर बाही ओढून घेतली.

"कसा काढू, दादा? मी लावलेला नाही."