पाठीएवढी जागा

चपलेत गेलेला खडा काढायला म्हणून गीतांजली आपल्या सोसायटीच्या गेटाशेजारी जिथे टेकली, तो डोंगर होता. आणि डोंगर ओला होता.

"हलू नका!" शिडीवरून कुणीतरी ओरडलं.

ती अर्थातच हलली. तिच्या कुर्त्याच्या पाठीवर हातभर पारसिकचा डोंगर उमटला, आणि भिंतीवरच्या डोंगराला तिच्या पाठीएवढा खळगा पडला.

"सॉरी, सॉरी," ती म्हणाली. ओल्या रंगाची पाटी लावली नव्हती, म्हणजे चूक त्याची. पण माफी मागायची सवय तिला.

शिडीवरचा खाली उतरला. पस्तिशीचा असेल. दाढीला पिवळा ठिपका, कानाला पेन्सिल. त्याने आधी डोंगर बघितला, मग तिची पाठ.

"काय मॅडम... धैर्यालाच धडकलात की."

"कशाला?"

"डोंगर म्हणजे धैर्य. यादी आहे वरून."

यादी वैजयंतीकाकूंची होती. काकू सोसायटीच्या सेक्रेटरी आणि निवृत्त मुख्याध्यापिका. यांतलं दुसरं त्या कधी विसरत नसत. सव्वीस जानेवारीच्या आत सीवूड्सच्या या कंपाउंडवर निसर्गचित्र व्हायला हवं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीने मुलांना एकेक सद्गुण शिकवायला हवा होता. डोंगर धैर्य, बांबू नम्रता, वड औदार्य, खाडीकाठचा तिवर सहनशीलता. चित्र काढायचं दिघ्याच्या या पेंटरने, प्रितमने. खाली गुणांची नावं मात्र गीतांजलीने लिहायची.

"पेंटरचं अक्षर ट्रकवर बरं," काकू म्हणाल्या होत्या. "आपल्या गीताचं कसं, मोत्यासारखं. लिहिशील ना गं?"

"चालेल."

'चालेल' हा गीतांजलीचा हुकमी शब्द. द्रोणागिरीच्या गोदामातले साहेब शनिवारीही बोलवायचे... चालेल. वडील तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, दिवसा बघणारी गोजरा सात वाजता निघून जायची. पुढची रात्र हिची... चालेल. पुण्याच्या धाकट्या भावाला, अभिरामला, या महिन्यातही यायला जमणार नव्हतं... चालेल. यावर सगळे एकमुखाने म्हणत, गीता फार सहनशील. असं म्हणणाऱ्याच्या हातात, बघून ठेवा, एखादं काम असतंच. तुम्हाला द्यायला.

संध्याकाळी वडिलांना चहा पाजून, गोजरा असेपर्यंत, ती बारका ब्रश घेऊन खाली यायची. प्रितमने रंगाची रिकामी बादली उलटी करून त्यावर पेपर पसरलेला असायचा. रोज नवा पेपर. ही गोष्ट तिने तिसऱ्या दिवशी हेरली, आणि हेरल्याचं दाखवलं नाही.

"बांबू नम्र कसा काय?" तिने विचारलं. "वाकतो म्हणून?"

"वारा आहे म्हणून वाकलाय. वारा पडू द्या, मग बघा त्याचा ताठा."

"मग मी खोटं लिहू?"

"लिहा की. तुमच्या अक्षरात खोटं पण खरं वाटेल."

कुणीतरी हसलं. आपणच, हे तिच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

वडापाशी तिने उट्टं काढलं. "हा म्हणे उदार. स्वतःखाली दुसरं झाड वाढू देतो का?"

"आयला... तुम्ही तर माझ्याहून डेंजर."

बोलता बोलता त्याचंही कळलं. वडील साताऱ्याहून इकडे आले आणि जन्मभर ट्रकच्या मागे देखावे रंगवत राहिले. दोन डोंगर, मध्ये सूर्य, एक झोपडी. "ड्रायव्हर कुठे पण जाऊ दे," प्रितम म्हणाला, "गाव त्याच्या पाठीशी."

मग ब्रश थांबवून म्हणाला, "दमता तुम्ही खूप."

"छे, नाही हो."

"विचारलं नाही मी. सांगितलं."

ती 'औदार्य'ची नसलेली वेलांटी बघत बसली. कान मात्र गरम झाले होते.

भिंत भरत गेली. डोंगरातला खळगा तेवढा राहिला. काकूंनी चष्म्यावरून बघून विचारलंसुद्धा, "हा खड्डा कधी बुजवणार?"

"खाण आहे ती, काकू. खऱ्या डोंगराला पण आहे."

वास्तवापुढे काकूंचा इलाज चालेना.

पंचवीस तारखेला फक्त तिवर उरला. प्रितमने चिखल रंगवला, आणि चिखलातून वर आलेली, बोटांसारखी उभी मुळं.

"मुळं वर कशाला?"

"श्वास घ्यायला. चिखलात हवा कुठली? भरती आली की तीही बुडतात. मग ओहोटी लागेपर्यंत थांबायचं..."

गीतांजली ब्रश रंगात बुडवून बसून राहिली.

तेवढ्यात काकू आल्या. "लिही गं पटकन, सहनशीलता. उद्या भाषणात तुझंच नाव घेणार आहे मी. सहनशीलता म्हणजे आपली गीता! अभिरामलाही फोटो पाठवते. परवा फोनवर म्हणत होता, ताई आहे तोवर आम्ही निर्धास्त."

ब्रश भिंतीला टेकला. उद्यापासून येता-जाता, रोज, आपल्याच हातचा तो शब्द वाचायचा... तिने ब्रश उचलला.

"हे मी नाही लिहिणार."

"का? जागा पुरत नाही?"

"जागा आहे. पण त्या झाडाला आता काही शिकवायला लावू नका, काकू. दमलंय ते."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेली बाई. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. "मुलांनी विचारलं तर काय सांगू?"

"तिवर आहे म्हणून सांगा."

काकूंनी यादीतली शेवटची ओळ पेनाने खोडली. "वर जाऊन जरा पड," एवढंच म्हणून त्या गेल्या.

ती वर गेली नाही. प्रितम ब्रश धूत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"उद्यापासून कुठे?"

"द्रोणागिरी. गोदामाची भिंत आहे."

"माझं ऑफिस तिथेच..."

"माहितेय. म्हणून तर काम घेतलं." त्याने मान वर केली नाही. "एक सांगायचं होतं. ती खाण नाहीये. पहिल्या दिवशी तुम्ही टेकलात ना... इतकं दमून टेकलेलं माणूस मी बघितलं नव्हतं. बुजवायला तीनदा ब्रश उचलला. हात होईना. म्हटलं, राहू दे. जागा असू दे तेवढी."

गीतांजली डोंगरापाशी गेली. वळली, आणि हळूच पाठ टेकवली. रंग केव्हाच वाळला होता. भिंत गार होती. खांदे आपोआप खाली आले, डोळे मिटले.

"तिथे झाड नाही, सावली नाही," प्रितमचा आवाज जवळून आला. "नुसते कंटेनर. पण बादली आहे. दुपारी डबा घेऊन... याल, गीतांजली?"

'चालेल' जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"चालेल नाही," ती म्हणाली.

तिने एक डोळा किलकिला केला, त्याचा पडलेला चेहरा मनसोक्त बघून घेतला, आणि पुन्हा मिटला.

"आवडेल," ती म्हणाली. "पण पेपर त्याच दिवशीचा पाहिजे."