कळकलेलं तांबं

तांब्याला म्हातारं करणं हे माझं निवृत्तीनंतरचं काम. अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, बत्तीस वर्षं काढली. हात स्वस्थ बसेनात, म्हणून इंदिरानगरच्या घराच्या मागच्या खोलीत जुन्या शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करायला लागलो. त्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत, समुद्रातल्या किड्यांनी लाकूड पोखरू नये म्हणून. प्रतिकृतीला तेच पत्रे नखाएवढे लावायचे. पण नवं तांबं चकचकतं आणि खोटं दिसतं. बिनकल्हईचं भांडं कळकतं ना, तसं ते मुद्दाम कळकवावं लागतं.

गेल्या डिसेंबरात शैला आली. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते, बँकेत नोकरी करते. येता-जाता नमस्कार, एवढीच ओळख. तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं हातभर जहाज होतं.

"काका, हे सोमनाथनं केलेलं. फक्त तांबं जुनं करायचं राहिलं होतं. तुम्ही कराल?"

सोमनाथ तिचा नवरा. दिंडोरीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आयटीआय करून मालवाहू जहाजावर फिटर झालेला. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तो जहाजावर कुठंच सापडला नाही. प्रेतही मिळालं नाही. त्यानं स्वतःहून उडी मारली, असं बरोबरच्या एका माणसानं लिहून दिलं, आणि कंपनीनं तेच घरी कळवलं.

"सासूबाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत," शैला म्हणाली. "तूच काय तरी बोलली असशील त्याला फोनवर, म्हणतात. आणि खरं सांगू का काका, आदल्या दिवशी भांडण झालंच होतं आमचं. आता सगळे म्हणतात, फोटोला हार घाल. पण माझा हात धजत नाही. निदान हे तरी पुरं करून त्याच्या फोटोपाशी ठेवीन."

मी जहाज ठेवून घेतलं. हात चांगला होता त्याचा. पत्रे एकसारखे, ओळी सरळ. फक्त हौसेच्या भरात त्यानं ते पाण्याच्या रेषेवर न थांबवता थेट कठड्यापर्यंत चढवले होते.

कृती साधी आहे. तांबं स्वच्छ पुसायचं, त्यावर मिठाचं पाणी आणि व्हिनेगर फवारायचं, झाकणाच्या मोठ्या डब्यात जहाज ठेवायचं आणि शेजारी बशीत अमोनिया. वाफेनं रंग चढतो. हातमोजे मात्र घालावे लागतात. उघड्या बोटाचा तेलकटपणा तांब्याला लागला, तर त्या जागी रंग चढत नाही आणि ठसा कायमचा दिसतो.

सकाळी डबा बंद केला, संध्याकाळी उघडला. अमोनियाच्या वासानं डोळ्यांत पाणी येतं, त्याची सवय आहे मला. पण त्या वासाखाली दुसरा एक वास होता. डिझेलचा, आणि कुजलेल्या शेवाळाचा.

तांबं छान हिरवट झालं होतं. फक्त तळाशी, मधोमध जाणाऱ्या लाकडी कण्याजवळ, काही ठिपके लख्ख राहिले होते. मला वाटलं, सोमनाथच्याच बोटांचे डाग असतील. मी भिंग लावलं.

ठिपके नव्हते ते. हात होते. पूर्ण हाताचे ठसे, तळवा आणि बोटं, प्रत्येक ठसा ज्वारीच्या दाण्याहून लहान.

 मी लिंबू-मीठ घेतलं आणि सगळं तांबं घासून पुन्हा लख्ख केलं. देवाची भांडी घासतात तसं. दुसऱ्या दिवशी नवे हातमोजे, नवी बशी. दुपारी मी शेजारीच पेपर वाचत होतो, तेव्हा डब्यातून आवाज आला. अगदी बारीक... पत्र्यावरून नख घसरावं तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. मी खुर्ची सोडून दाराशी जाऊन उभा राहिलो. झाकण उघडायचं धाडस मला पाच वाजेपर्यंत झालं नाही.

ठसे परत आले होते. या वेळी कण्यापासून चार बोटं वर. एक उजवा, एक डावा, पुन्हा उजवा. मध्येच एखादा खाली फरपटत गेलेला, आणि त्याच्या शेजारून पुन्हा वर.

हे तिच्यापासून लपवणं मला जमण्यासारखं नव्हतं. शैलाला बोलावलं. काही न सांगता भिंग तिच्या हातात दिलं.

ती वाकून पाहत राहिली. नंतर अगदी हळू म्हणाली, "काका... डाव्या हाताची करंगळी बघा."

मी पाहिलं. प्रत्येक डाव्या ठशात करंगळी अर्धीच होती.

"लग्नाआधी कारखान्यात प्रेस मशीनमध्ये गेली होती त्याची," ती म्हणाली. तिचा आवाज कापत नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. "पुसू नका. झाकण लावा. उद्या मी सुट्टी घेते."

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून माझ्यासोबत बसली.  बाहेर ऊन होतं, खोलीत मात्र अंगाला ओल लागत होती. नखांचा आवाज आज लवकर सुरू झाला, आणि तो वेगानं येत होता. साडेबाराच्या सुमारास एकदम थांबला. शैलानं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच झाकण काढलं.

ठसे कठड्यापर्यंत पोचले होते. वरच्या काठावर दोन्ही हात शेजारी-शेजारी, घट्ट आवळलेले.

"तो वर चढत होता," शैला म्हणाली. "त्याला यायचं होतं, काका. तो मला सोडून नव्हता गेला." मग ती रडली. सात वर्षांचं रडली. "सासूबाईंना उद्या घेऊन येते. त्यांनी हे बघायलाच हवं. तोवर हे असंच टिकेल असं काहीतरी करा."

ती गेल्यावर मी लाखेचा पातळ हात द्यायला घेतला, म्हणजे रंग तिथंच थांबतो. कठड्यापाशी आलो तेव्हा भिंग डोळ्यालाच होतं. आवळलेल्या बोटांवर आणखी काहीतरी उमटलेलं होतं. आडवं, खाचाखाचांचं. बुटाचा तळवा. जाड सोलच्या, कामावर घालतात तसल्या बुटाचा. एकदा नाही, चार-पाच वेळा, त्याच बोटांवर. बुटाचं टोक बाहेरच्या बाजूला होतं. तो माणूस जहाजावर उभा होता.

मी लाख लावून टाकली. काय करणार होतो दुसरं? सात वर्षांनी त्या बाईला पहिल्यांदा श्वास घेता आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकरच उठून कामाला बसलो. मन दुसरीकडे लागावं म्हणून त्याच टेबलावर, सोमनाथच्या जहाजाशेजारी, एका नव्या जहाजाच्या फळ्या घासत होतो. अकराच्या सुमारास शैला सासूबाईंना घेऊन आली. सगुणाबाई, सत्तरीच्या, गुडघ्यांवर हात ठेवत चालणाऱ्या. भिंग मीच धरलं आणि फक्त खालचे ठसे दाखवले. कठड्यापर्यंत नेलं नाही.

म्हातारी पाहत राहिली. मग अर्ध्या करंगळीवर तिनं आपलं बोट ठेवलं.

"माझ्या लेकाचाच हात हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं शैलाकडे न बघताच तिचा हात धरला. "मी लय बोलले गं तुला."

 शैलानं हात सोडवून घेतला नाही, एवढंच. दोघी जहाज चादरीत गुंडाळून घेऊन गेल्या. मी फाटकापर्यंत पोचवलं. बरं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू.

परत येऊन टेबल आवरायला घेतलं. फळ्या घासल्याचा पिठासारखा बारीक भुसा सगळीकडे पसरला होता. जहाज जिथं ठेवलं होतं, तेवढी जागा कोरी होती. तिच्या कडेपासून भुशात एक ओळ निघाली होती. अर्ध्या तांदळाएवढे ठसे, खाचाखाचांचे, एकामागे एक. घाई नव्हती त्यांना. अंतर सारखं होतं.

ओळ टेबलाच्या काठापर्यंत गेली होती. परतीचा ठसा एकही नव्हता. काठावर दोन्ही बूट शेजारी-शेजारी उमटले होते, खोल, कुणी बराच वेळ एका जागी उभं राहून काहीतरी न्याहाळत असावं तसे. त्यांच्या अगदी समोर माझं स्टूल होतं. त्या दोघी येईपर्यंत, सकाळभर, मी तिथंच बसलो होतो.