नुसते ओठ हलव

मर्ल हॉस्टेटलरला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याला गायनप्रमुख करण्यात आलं. ज्या बैठकीत ही निवड झाली तिला तो हजर नव्हता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काहीतरी गाळत बसला होता. परत आला तेव्हा जेवणाच्या खोलीतल्या फळ्यावर त्याचं नाव लागलेलं होतं. शाखेचा अध्यक्षही तो असाच झाला होता. त्या बैठकीच्या वेळी तो दात काढायला गेला होता.

शाखा म्हणजे झीटा रो बंधुमंडळाची ग्रीनली गावातली शाखा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, इथल्या कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर अशा बंधुमंडळांची घरं ओळीने उभी आहेत. मुलं तिथे एकत्र राहतात, एका टेबलावर जेवतात, एकमेकांना 'ब्रदर' म्हणतात आणि एकमेकांचे मोजे न विचारता घालतात. झीटा रोचं घर चाळीस मुलांसाठी बांधलेलं. एकोणीसशे त्रेसष्टच्या त्या वसंतात मात्र तिथे सातजण उरले होते. वरच्या रिकाम्या खोल्यांमध्ये गुंडाळलेल्या गाद्या होत्या, एक फुटकी होडी होती, आणि थंडीत आत शिरून मुक्काम ठोकलेलं एक कबूतर होतं.

नवी मुलं येतच नव्हती. शेजारच्या घरात फुटबॉलचे खेळाडू होते, पलीकडच्यात रंगीत टीव्ही होता. झीटा रोमध्ये होता तो मॉम टॉफ्टेंचा ट्यूना मासा आणि नूडल्सचा भाजलेला थर. तो सोमवारी व्हायचा आणि गुरुवारपर्यंत पुरायचा. मॉम टॉफ्टे या घर सांभाळणाऱ्या विधवा बाई, जिभेने तिखट आणि हाताने अळणी.

मार्चअखेर बंधुमंडळाच्या मुख्यालयातून केटरिंगसाहेबांचा फोन आला. "हे बघ मुला, मरायला टेकलेल्या शाखा चालवायची हौस आम्हाला नाही. वसंतोत्सवाच्या गायनस्पर्धेत उभे राहा. तुमच्यात धुगधुगी आहे हे माझ्या कानांना पटू दे. नाहीतर जूनमध्ये घराला कुलूप."

मर्लने फोन ठेवला. इतरांना दुसरीकडे खोल्या मिळाल्या असत्या. त्याचं तसं नव्हतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी त्याच्याशी आपण होऊन बोललेली एकमेव व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल बाई, त्याही "आता बंद करतेय" एवढंच म्हणायच्या. मग एकदा बर्फात तो याच घराच्या पायरीवर सँडविच खात बसलेला असताना दार उघडून ड्वाइट लिंडक्विस्ट म्हणाला होता, "अरे ए, इथे काय गोठून मरतोस? आत ये, सूप आहे." मर्ल आत गेला तो राहिलाच. या पोरांवर त्याचा जीव होता. ते त्याने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि घर गेलं तर सांगायलाही कोणी उरणार नव्हतं.

गाणं ठरलं ते शाखेचंच जुनं गाणं, 'दार उघडं आहे, भावा'. एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांत म्हणायचं. तालीम दुपारी जेवणाच्या खोलीत. सहाजण भिंतीशी ओळीने उभे राहिले, मर्लने त्यांच्यासमोर हात वर केले, आणि पुढे जे झालं त्याला आवाज म्हणता येईल, गाणं नाही. मॉम टॉफ्टेंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. कबूतर त्याच दिवशी घर सोडून गेलं.

रात्रभर विचार करून मर्लने रसायनशास्त्राचा मार्ग धरला. मिश्रण गढूळ असेल तर एकेक घाण बाजूला काढायची. त्याने सगळ्यात आधी ड्वाइटला कोठीत गाठलं.

"ड्वाइट, तू मनाने फार चांगला आहेस."

"झालं. काय बिघडवलं मी?"

"स्पर्धेत तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव. आणि हे कोणाला सांगायचं नाही."

"लेका, माझी आई म्हणते माझा आवाज मधासारखा आहे!"

"तुझी आई परीक्षक नाहीये."

ड्वाइटचं तोंड एवढंसं झालं, पण त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी गाणं सुधारलं. इतकं सुधारलं की मर्लने आणखी एकाला कोठीत नेलं, मग आणखी एकाला. प्रत्येकजण आधी चिडला, मग ओशाळला, मग घराखातर गप्प राहायची शपथ घेऊन बाहेर पडला. आणि प्रत्येक वेळी गाणं जास्तच भरत गेलं. खालचा सूर दणकट झाला. वर एक कोवळा, जरा थरथरता आवाज लागायला लागला. तो शब्द अशा जुन्या वळणाने उच्चारायचा की मर्लला चर्चमधले म्हातारे आठवत.

शेवटी गाणारा एकच उरला, गस पावेल्का. शेतकऱ्याचा पोरगा, पियानो एकट्याने उचलून जिना चढणारा. म्हणजे आता एकटा गस गात होता, आणि ऐकू चारही सूर येत होते.

मर्ल काही बावळट नव्हता. एका गळ्यातून एका वेळी चार सूर निघत नाहीत एवढं त्याला कळत होतं. त्याने रेडिओची वायर काढून ठेवली. कपाटं उघडून पाहिली. "खिडकी अडकलीय" असं म्हणत तालमीच्या मधेच खोलीभर फिरला, तर आवाज प्रत्येक कोपऱ्यात सारखाच होता. छत लाकडी आहे, घुमत असेल, असं त्याने ठरवलं. ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. पण जून तोंडावर आला होता, आणि गाणं सुरेख होत होतं. उरलेला विचार त्याने स्पर्धेनंतरसाठी राखून ठेवला.

"मर्ल," एकदा मॉम टॉफ्टे पिठाच्या हातांनी बाहेर आल्या, "पोरांना म्हणावं जरा बेताने गा. माझा केक खाली बसतोय. सहा पोरांचा कुठे एवढा आवाज असतो होय?"

"छत लाकडी आहे, मॉम," मर्ल म्हणाला.

"पस्तीस वर्षं लाकडीच आहे ते," मॉम टॉफ्टे म्हणाल्या आणि आत गेल्या.

स्पर्धा शनिवारी दुपारी, कॉलेजच्या व्यायामशाळेत. पुढच्या रांगेत केटरिंगसाहेब मांडीवर हॅट घेऊन बसले होते, मागे शाखेचे जुने पदवीधर, टकलं पुसत. गस गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून आला होता. एवढ्या उन्हात हे कशाला, असं मर्लला वाटलं, पण विचारायला सवड मिळाली नाही.

मंचावर चढताना ड्वाइटने बाही ओढली. "मर्ल, शेवटची एक ओळ तरी गाऊ दे ना. आई आलीय."

"ओठ," मर्ल म्हणाला.

लोकांकडे पाठ करून त्याने हात वर केले. सहा तोंडं उघडली आणि गाणं सुरू झालं.

'दार उघडं आहे, भावा, आत ये, आत ये.' तालमीपेक्षा दुप्पट मोठं, भरदार, एकजीव. मर्लच्या अंगावर काटा आला. अभिमानाने डोळे भरले. त्याने मोठ्या मायेने गसकडे पाहिलं.

गसचे ओठ हलत होते. मफलर सैल झाला होता, आणि त्यातून दिसणारा गळा जरासुद्धा हलत नव्हता.

मर्लने ड्वाइटकडे पाहिलं. मग बाकीच्यांकडे. सगळे शपथेला जागून इमानाने ओठ हलवत होते.

त्याचे हात आपोआप खाली आले.

गाणं थांबलं नाही.

दुसरं कडवं संपलं. कागदावर होतं तेवढं संपलं. आणि तिसरं सुरू झालं. ते मर्लने शिकवलं नव्हतं. ते कोणालाच येत नव्हतं. पोरांची त्रेधा उडाली. एकाने ओठ नुसतेच उघडमिट केले, दुसरा 'आ' करून राहिला, ड्वाइट तर चक्क च्युइंगम चघळल्यासारखा जबडा फिरवू लागला.

मर्लच्या पाठीमागे कोणीतरी हुंदका दिला. ते कडवं ओळखीचं असल्यासारखे जुने पदवीधर एकेक करत उभे राहिले होते.

पहिला नंबर आला. चषक आला. ड्वाइटच्या आईने मुलाचे गाल ओढले आणि "मध रे, मध!" म्हणाली.

रविवारी दुपारी मॉम टॉफ्टेंनी गोमांसाचा मोठा तुकडा भाजला होता, सोबत कुस्करलेले बटाटे. केटरिंगसाहेब जेवायला येणार होते आणि निकाल तिथेच सांगणार होते. ड्वाइटने चषकात लिंबूपाणी ओतलं आणि तो उभा राहिला.

"ब्रदर्स, झकास गायलात! मी आता कबूल करतो. मी गायलोच नाही. या मर्लने मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं."

"तुला?" पलीकडून एकजण म्हणाला. "मला सांगितलं होतं!"

"शपथ मला घातली होती!"

"मलाही. कोठीतच."

हळूहळू सगळे गसकडे बघायला लागले. गसने घास गिळला आणि कुजबुजत्या, फाटक्या आवाजात म्हणाला, "माझा घसा बसलाय. बुधवारपासून. सांगितलं असतं तर मर्ल रडला असता."

ड्वाइटने चषक खाली ठेवला.

"मग पहिला नंबर आला कोणाचा?" तो म्हणाला. एरवी त्याच्या बोलण्यावर टेबल दणाणायचं. आता सगळे ताटात बघत राहिले.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

"तोंडं मिटा," मर्ल हळूच म्हणाला. "गायला सांगितलं तर म्हणा, घसा बसलाय. सगळ्यांचाच."

केटरिंगसाहेब आले ते थेट जेवणाच्या खोलीच्या दारात. पाहुणा आला की झीटा रोच्या पोरांनी उठून उभं राहायचं असतं. पण त्या दिवशी कोणी उठलं नाही. सातहीजण आपापल्या खुर्चीला चिकटून बसले होते.

केटरिंगसाहेबांनी हॅट छातीशी धरली. त्यांचा चेहरा फुलला होता.

"शाखा बंद? छे, छे! काय म्हणून बंद करायची? लोक मला म्हणत होते, घर रिकामं पडलंय म्हणून. अरे, इथे मुंगी शिरायला जागा नाही!"

मर्ल त्यांच्याकडे बघत राहिला. घर वाचलं होतं. त्याला रडू येत होतं, आणि पाठ गार पडत चालली होती.

केटरिंगसाहेबांची नजर टेबलावर नव्हती. ती सातही डोक्यांवरून जात खोलीभर फिरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग त्यांनी हसून हाताने खाली बसायची खूण केली.

"अरे, बसा, बसा. माझ्यासाठी उभं कशाला राहायचं?"

आणि मर्लच्या खुर्चीमागे, भिंतीलगत, खोलीच्या चारही बाजूंना, खूप मुलं सावकाश खाली बसली.