तळहातावरचा रणगाडा

"हलू नका."

जोडायच्या छोट्या मॉडेल्सच्या दुकानात मी थिनरची बाटली घ्यायला शिरले होते, आणि कामाच्या टेबलाखालून एक अनोळखी पुरुष मला हुकूम सोडत होता.

"का बरं?"

"माझा हेडलाइट उडालाय. चिमट्यातून सटकला… तुमच्या पायाशीच असेल."

पायाशी नव्हता. मोहरीएवढा तो तुकडा माझ्या केसांत अडकला होता. तो काढताना त्याचे कान लाल झाले. टेबलावर महायुद्धातला एक हलका रणगाडा अर्धवट जोडलेला होता, प्लास्टिकचा, तळहातावर मावेल असा. मी दातांच्या कवळ्या बनवते. असली नाजूक कामं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. हेडलाइट मीच चिकटवून दिला.

"पुढच्या शनिवारी याल?" त्याने विचारलं.

"का, पुन्हा पडणार आहे?"

"पाडता येईल की…"

मग दर शनिवारी जाऊ लागले. तो रणगाड्याच्या पट्ट्यांचे बारीक तुकडे जोडायचा, मी ते धरून ठेवायचे. गोंद केव्हाच वाळलेला असायचा — बोटं सोडायची घाई मात्र कुणालाच नसायची. हिरवा रंग दिला त्या दिवशी त्याने थोडा माझ्या नाकालाही लावला. मी प्रेमात पडले होते आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नव्हती.

रणगाडा पूर्ण झाला, तेव्हा त्याने तो दुकानदारकाकांच्या कपाटात ठेवून दिला.

"घरी नाही नेणार?"

"दादा हसेल. आई म्हणेल, बँकेत साहेब झालास आणि खेळणी जोडत बसतोस? घरी मी सांगितलंय… बढतीच्या परीक्षेचा क्लास लावलाय म्हणून."

"आणि माझ्याबद्दल?"

तो ब्रश पुसत राहिला. "क्लासमधली मैत्रीण."

माझं डोकंच फिरलं. "मी कुठल्याही क्लासात नाही. हा रणगाडा उजळ माथ्याने घरी नेशील, तेव्हा मला बोलाव. तोवर तोंड दाखवू नकोस."

पुढचे शनिवार मी कवळ्या घासत काढले. त्याची आठवण यायची, पण गेले नाही. जो रणगाडा लपवतो तो मलाही जन्मभर लपवेल, आणि लपून राहायचा माझा स्वभाव नाही.

एका रविवारी त्याचा फोन आला. "जेवायला ये. सगळे आहेत."

जेवणाच्या टेबलावर मधोमध रणगाडा उभा होता. त्याचा दादा दात काढत होता, वहिनी वाढत होती, आईंच्या कपाळाला आठ्या होत्या.

"ही क्लासमधली ना?" आईंनी विचारलं.

"क्लास नव्हताच, आई. मी हे जोडत होतो, हिच्यासोबत. आणि ही नुसती मैत्रीण नाही…" त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझं प्रेम आहे हिच्यावर."

दादाचं हसू मावळलं. आई ताट सरकवत म्हणाल्या, "ते खेळणं आधी बाहेर ने. मग बोलू."

वाटलं, संपलं. आता हा मुकाट्याने रणगाडा ठेवून येईल आणि मान खाली घालून जेवेल. पण त्याने एका हाताने रणगाडा उचलला आणि दुसऱ्या हाताने माझा हात धरला.

"चल. तो बाहेर, तर आम्ही पण बाहेर."

आम्ही जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो.

"आता काय?" मी विचारलं.

"भूक लागलीय… पण तुला सोडून आत जाणार नाही."

तेवढ्यात वहिनी दोन ताटं घेऊन आली. ती आमच्या हातात देऊन परत गेली, स्वतःचंही ताट आणलं आणि वरच्या पायरीवर ऐसपैस बसली.

"आत आता दोघंच उरलेत," ती घास घेत म्हणाली. "बघू, किती वेळ किल्ला लढवतात."