इस्त्रीवालीची नवी कातडी

दुपारच्या जेवणाची ताटं उचलली गेली की सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन यायची. इस्त्रीवाली मावशी उजवा हात उशीवर ठेवून तयारच असायची. धोबीखान्यात वाफेचा पाइप फुटून तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला, त्याला आता अठरा दिवस झाले होते. पाइप गळतोय, हे तिनं मुकादमाला तीनदा सांगितलं होतं. "चालतंय तोवर चालू दे," तो दाढीचे पांढरे खुंट खाजवत म्हणाला. पाइप फुटला तेव्हा तो तर नखशिखांत भाजला. काढून जखमांवर लावायला अंगावर धड कातडीच उरली नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेजारच्याच खाटेवर तिसऱ्या दिवशी तो गेला.

मावशीची जखम मात्र भरत होती. कडांकडून गुलाबी कातडी आत सरकत होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. पण आज पट्टी सोडली आणि सिस्टरचा चेहरा उतरला.

"मावशी, पुन्हा सोललंत?"

"मी बोटसुद्धा लावलं नाही."

"मग काल आलेली कातडी गेली कुठं? पट्टी तर जशीच्या तशी…"

मावशीला ठाऊक होतं. वॉर्ड पेंगुळला की पट्टीच्या आत कुणीतरी नखानं कड उचकटायचं. अगदी सावकाश. आणि वास यायचा, इस्त्रीखाली करपलेल्या ओल्या कापडाचा.

सिस्टर गेली. थोड्या वेळानं तो वास आलाच. शेजारची रिकामी खाट कुरकुरली.

"थोडीच… एवढीशी…"

मावशीनं डाव्या हातानं पट्टी गच्च दाबली.

"जिवंतपणी अहो-जाहो केलं, आता नाही करायची! तीनदा सांगितलं, ऐकलं नाहीस. ही कातडी माझी आहे. तिळभर मिळायची नाही!"

आतून ओढ लागली. तिनंही ओढलं, दातओठ खाऊन, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. काहीतरी ताणलं गेलं आणि सटकन तिच्याकडे आलं.

त्यानंतर कुणी आलं नाही. नऊ दिवसांत जखम मिटली. सिस्टरनं कौतुकानं हातावरून बोट फिरवलं आणि ती थबकली.

"मावशी… हे टोचतंय काय?"

गुलाबी कातडीत तळव्याएवढा एक तुकडा सावळा, राठ होता. त्यावर दाढीचे पांढरे खुंट उगवले होते.

मावशीनं खुंटांवरून अंगठा फिरवला.

"वस्तरा आण. उगवू दे रोज. रोज भादरीन."

तिनं पातं टेकवलं मात्र, तो तुकडा आपोआप वर आला… दाढीला बसलेला माणूस गाल फुगवतो तसा.

"हलू नकोस," मावशीनं त्याला दरडावलं आणि वस्तरा चालवला.