फक्त उजवीकडे वळताना

आबांची गाडी सरळ जाताना गप्प असायची. डावीकडे वळतानाही गप्प. उजवीकडे वळली की मात्र खालून कुठूनतरी आवाज यायचा : कट्-कट्-कट्-कट्.

"वा! हे कोडं आहे," आबा खुशीत म्हणाले. डॉ. आबासाहेब दिघे हे निवृत्त कंपनशास्त्रज्ञ (वस्तू का आणि कशा थरथरतात याचा अभ्यास करणारे). गाडी बिघडली की इतर माणसं वैतागतात. आबांच्या घरी सण असायचा. साताऱ्यात आता सगळ्यांच्या गाड्या आपल्या आपण चालत. स्टिअरिंग हातात धरणारे काय ते आबाच उरले होते.

त्यांच्या नातीला, कस्तुरीला, कोड्यापेक्षा सीटची काळजी होती. आबांच्या शेजारची सीट तिची होती. म्हणजे, सुबोध येईपर्यंत होती.

सुबोध हा यंत्रमानव. तो कंटाळत नसे, मध्येच भूक लागली म्हणत नसे आणि आबा बोलायचे थांबले की "पुढे?" असं विचारत असे. एवढा गुणी प्राणी घरात आला की बाकीच्यांनी करायचं काय? आबा त्याला "सुबोधराव" म्हणत. कस्तुरीला म्हणत, "ए, ती चप्पल उचल."

उद्या आबा माळरानावरची नवी रेडिओ दुर्बीण (ताऱ्यांकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी टिपणारी दुर्बीण) बघायला निघणार होते. मागच्या सीटवर उपकरणं ठेवायची होती. नीट बसायला जागा उरत होती एकच, आबांच्या शेजारची.

"जो आवाजाचं कारण शोधेल, तो उद्या माझ्या शेजारी," आबांनी जाहीर केलं.

"हे चीटिंग आहे, आबा! याच्या डोक्यात जगातल्या सगळ्या गाड्यांचे आवाज भरलेत."

"सगळ्या नाही, बऱ्याचशा," सुबोध नम्रपणे म्हणाला. त्याचा हा नम्रपणाच तिच्या डोक्यात जायचा.

गाडी शाळेच्या रिकाम्या मैदानावर नेली. सुबोध पुढे बसला, अर्थातच. कस्तुरीला आबांनी खाली उतरवलं आणि ते उजवीकडे स्टिअरिंग वळवून तिच्याभोवती गोल-गोल फिरू लागले. गाडीच्या काचेतून तिला सुबोधचं डोकं आणि त्याच्याकडे वळून बोलणारे आबा दिसत होते. दोन फेऱ्या तिने सहन केलं. मग ती रुसून तरातरा मैदानाच्या कडेला, वर्तुळाच्या बाहेर जाऊन उभी राहिली.

आणि दचकली. मधे उभी असताना पुसट वाटणारा आवाज इथे खणखणीत ऐकू येत होता. गाडीची डावी बाजू आता तिच्याकडे होती. आवाज पुढच्या डाव्या चाकापाशी होता!

आबांनी गाडी थांबवली. "बोला, सुबोधराव."

"आवाज सगळीकडून येतो आहे. पत्र्यातून पसरत तो माझ्या सीटपर्यंत पोहोचतो. त्यामुळे जागा सांगता येत नाही. बोल्ट सैल असू शकेल, शॉक ॲब्सॉर्बर असू शकेल..."

"डावं पुढचं चाक," कस्तुरी म्हणाली. "आणि बोल्ट नाही. सैल बोल्ट वळताना एकदाच 'खट्' करून गप्प बसला असता. हा आवाज तालात येतोय. तुम्ही वेग वाढवलात तेव्हा तालही वाढला. म्हणजे जे वाजतंय ते चाकाबरोबर फिरतंय."

आबा सुबोधकडून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "पुढे?"

एवढ्या एका शब्दासाठी कस्तुरीने सुबोध आल्यापासून वाट पाहिली होती. पण पुढचं तिला येत नव्हतं.

"मूठ वळ," आबा म्हणाले. "आता मनगट वाकव आणि मग हात पिळून फिरव. अडखळतो ना? गाडीच्या पुढच्या चाकाचं दुखणं हेच. त्याला फिरायचंही असतं आणि वळायचंही. म्हणून मोटरकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला सी.व्ही. जॉइंट (दांडा आणि चाक एकमेकांशी कोनात असले तरी दोघांना सारख्याच वेगाने फिरवणारा सांधा) असतो. त्यात खोबणींमध्ये बसवलेल्या पोलादी गोळ्या असतात. गाडी सरळ जाते तेव्हा गोळ्या जवळजवळ जागच्या जागी. चाक वळलं की मात्र—"

"त्या खोबणीत पुढे-मागे सरकतात! आणि खोबण झिजली असेल तर प्रत्येक फेरीला अडखळतात!"

"उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून तेव्हा जास्त," सुबोध म्हणाला. हे त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं, असं कस्तुरीला वाटलं.

सुबोधने जॅक लावला, टेकू दिले. खाली सांध्यावरचं रबरी कवच फाटलेलं होतं. आतलं ग्रीस उडून गेलं होतं आणि त्याच्या जागी धूळ भरली होती. कवचाभोवती बारीक तार आवळून बसली होती; तिनेच ते कापलं होतं. तारेत सुकलेला झेंडू होता.

दसऱ्याला आबांनी चारही चाकांना झेंडूचे हार बांधले होते.

"दोरा तुटतो," आबा हळूच म्हणाले. "म्हणून मी तारेत ओवले. विचारपूर्वक."

"सुबोध, तुला हे माहीत होतं?" कस्तुरीने विचारलं.

"हार तारेचे होते, हे माहीत होतं. पण पूजेच्या गोष्टींवर शंका घ्यायची नाही, असं आजींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं आहे. त्यामुळे ते फूल मी संशयितांत धरलंच नाही."

दुपारी ड्रोनने नवा सांधा पोहोचवला. सुबोधने तो बसवला, कस्तुरीने ग्रीस भरलं. गाडी उजवीकडे वळली आणि काहीच वाजलं नाही. सीट कस्तुरीची झाली.

संध्याकाळी सुबोध तिच्याजवळ आला. "एक बिघाड सांगायचा आहे. माझ्यातला. गरज नसताना मी उद्याच्या सीटचा हिशेब पुन्हा पुन्हा करतो आहे. आणि दर वेळी उत्तर तू येतेस. हे मला आवडत नाही."

"त्याला जळणं म्हणतात," कस्तुरी म्हणाली. तिला फार बरं वाटलं. इतकं, की तिला तो पहिल्यांदाच जरासा आवडला. "कधीपासून होतंय?"

"आबा तुला 'पुढे?' म्हणाले तेव्हापासून. हे दुरुस्त होतं?"

"माहीत नाही. माझं अजून झालं नाही." तिने थोडा विचार केला. "आपण फक्त उजवी वळणं तपासली. पण तार तर उजव्या चाकालाही होती. तो सांधा खराब व्हायला लागला असेल, तर डाव्या वळणांवर कळेल. आणि जाताना जी वळणं उजवी, ती येताना..."

"डावी," सुबोध म्हणाला.

"मग जाताना मी पुढे बसते. येताना तू बस. मी काच खाली करून मागून, उपकरणांच्या मधून, कान देते."

"पुढे?" सुबोधने विचारलं.

"पुढे काय? जा, आबांना सांग. आणि मी सुचवलं असं सांग."