उलट्या पिळाचा दोरा

"एक बाही शिवून हवी होती."

"ब्लाउजची की फ्रॉकची?"

"दुर्बिणीची."

मी मशीनवरचे पाय थांबवले. दारात काडीसारखा उंच माणूस उभा होता. दुपारचे चार वाजून गेले होते आणि त्याच्या गालावर उशीची घडी जशीच्या तशी उमटलेली होती. त्याच्या डोक्याच्या वर, दारावर, हातभर अक्षरांची पाटी होती... 'येथे फक्त स्त्रियांचे कपडे शिवून मिळतील.' मी नुसतं बोट वर केलं.

"वाचता येतं का?"

त्यानं मान वर केली, डोळे बारीक केले, चष्मा सदऱ्याला पुसला. "एवढ्या जवळचं मला जरा कमी दिसतं."

"मग लांबचं तरी दिसत असेल."

"तेही नीट दिसत नाही हो. म्हणून तर बाही हवीय."

आतल्या खोलीत आई काजं करत बसली होती. ती हसली. माझी आई वर्षातून दोनदा हसायची, त्यातली एक वेळ अशी फुकट गेली.

टेकडीवर वेधशाळा होती. तिथली माणसं रात्रभर जागायची आणि दिवसा झोपायची, म्हणून आई त्यांना सरसकट घुबडं म्हणायची. हा त्यातलाच एक. याचं म्हणणं असं, की दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये वीतभर फट राहते, तिथून उजेड शिरतो. म्हणून काळ्या जाड कापडाची बाही हवी. दोन्हीकडून उघडी, एक तोंड मोठं, एक लहान.

"तिला घेऊन या. माप घेते."

"ती चार टनांची आहे."

"जाड आहे असं आधी सांगायचं. कापड जास्त लागेल."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं खिशातून कागद काढला आणि किती कापड जास्त लागेल ते लिहायला घेतलं. तेव्हाच मला हा माणूस आवडला. पण आवडलं म्हणून लगेच गोड बोलावं, ही सवय मला तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

बाही शिवून दिली. चार दिवसांनी तो परत हजर.

"फाटली."

मी कापड हातात घेतलं. उजेडात धरलं. खाली ठेवलं. "काय झालं हिला?"

"उंदीर... असावा."

"तुमच्याकडचे उंदीर कात्री वापरतात?"

फाटलेल्या कापडाला दाढी येते, दोरे लोंबतात. कापलेली कड गुळगुळीत असते. हे मला कळणार नाही असं त्याला वाटलं असेल, तर त्यानं खरंच ताऱ्यांकडेच बघावं. त्याचे कान असे लाल झाले, जणू मागून दिवा लावलाय.

आतून आई म्हणाली, "वेधशाळेतला उंदीर गं. शिकलेला आहे."

त्यानंतर तो दर चार दिवसांनी येऊ लागला. गालावर उशीची घडी, हातात बाही. मी शिवायचे, तो बोलायचा. म्हणाला, आभाळात दोन तारे इतके जवळजवळ आहेत की कितीही बघा, एकच दिसतो. वरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि सगळं भरडून टाकते. म्हणून तो क्षणाचा शंभरावा भाग एवढ्यातच फोटो काढतो. हवेला हलायला फुरसतच द्यायची नाही. असे एका रात्रीत हजारभर.

"आणि मग एवढे फोटो बघून दोन तारे दिसतात?"

"नाही. असं दिसतं." त्यानं मोठा केलेला एक फोटो पुढे धरला. डबा उपडा होऊन मोहरी सांडावी तसे नुसते ठिपके.

मी दोन घडी बघितलं. "यात काय एवढं? छपाई सरकलीय."

"काय?"

"फुलांचं कापड कधी कधी दोनदा छापलं जातं. दुसरा ठसा जरा सरकून बसतो. मग प्रत्येक फुलाशेजारी एक पुसट फूल येतं, सगळीकडे तेवढ्याच अंतरावर, त्याच बाजूला. इथेही बघा ना. प्रत्येक ठिपक्याला एक फिकट जुळा आहे. हे अंतर म्हणजेच तुमच्या ताऱ्यांमधलं अंतर, नाही का?"

तो मागे सरकला आणि स्टुलावर बसला. स्टुलावर माझी टाचण्यांची उशी होती. तो उठला नाही.

"हे कळायला," तो हळूच म्हणाला, "मला दोन वर्षं लागली होती."

"कापडाच्या दुकानात कामाला राहिला असतात तर दोन दिवस लागले असते... आता उठा. टाचण्यांवर बसलाय तुम्ही."

त्या दिवशी त्यानं माझ्याकडे एक दोरा मागितला. फोटोत दिशा कळायला हवी, म्हणून प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला तो एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर उत्तर-दक्षिण दोरा ताणायचा आणि दिवा लावून त्याचा एक फोटो घ्यायचा. मी माझ्या चांगल्यातल्या काळ्या दोऱ्याची बॉबिन भरून दिली. ती घेताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं 'सॉरी' म्हटलं. मला ते 'सॉरी' अजिबात आवडलं नाही.

मग एका सोमवारी तो आला तो पडेल चेहऱ्यानं. हातात बाही नव्हती, फोटोंचं पाकीट होतं.

"काय झालं? उंदीर वारला?"

"मोठे साहेब कॅमेरा उतरवणार आहेत."

त्यानं सांगितलं ते असं. त्या जोडीतला धाकटा तारा मोठ्याभोवती फिरतो. जुन्या लोकांनी मापं घेऊन ठेवलीत, त्यावरून तो आता मोठ्याच्या उजवीकडे असायला हवा. याच्या फोटोंत तो डावीकडे येतो. अंतर बरोबर, बाजू चूक. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा तारा काय रुमाल विसरला म्हणून मागे फिरला?" शनिवारपर्यंत माप जुळलं, तर याला पलीकडच्या डोंगरावर मोठ्या दुर्बिणीवर पाठवणार. दोन दिवसांचा रस्ता. नाही जुळलं, तर कॅमेरा कपाटात आणि हा खाली गावातल्या कचेरीत, सूर्य किती वाजता उगवतो त्याचे तक्ते लिहायला.

ती कचेरी माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर होती. मशीनवरून मान वर केली की तिची खिडकी दिसायची.

माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. त्या खिडकीत टेबल कुठे ठेवता येईल, ते मी बघून घेतलं.

तो एकेक फोटो पुढे ठेवत गेला. ठिपके, ठिपके, आणि मग रिळाच्या सुरुवातीचा एक. त्यात माझा दोरा होता, दाव्याएवढा जाड दिसत होता. एकेक पीळ मोजावा इतका स्वच्छ.

आणि पीळ उलटा होता.

मशीनच्या दोऱ्याचा पीळ ठरलेला असतो. दोरा उभा धरला की पीळ खालून डावीकडून वर उजवीकडे चढतो. उलट्या पिळाचा दोरा मशीनवर उसवतो. असला दोरा मी दुकानाची पायरी चढू देत नाही. म्हणजे दोरा माझाच, पण फोटो उलटा! अंधाऱ्या खोलीत फोटो धुणाऱ्यानं फिल्म मागच्या बाजूनं लावली होती. सरळ ताणलेला दोरा उलटा केला तरी सरळच दिसतो, म्हणून त्या शिकल्यासवरल्या माणसांना काही कळलं नाही. पण डावं होतं ते उजवं झालं होतं. तारा जिथे असायला हवा तिथेच होता.

मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

सांगितलं तर हा जाणार दोन दिवसांच्या रस्त्यावर. नाही सांगितलं तर समोर खिडकीत, जन्मभर.

"बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" त्यानं विचारलं. "काहीच बोलला नाहीत."

"कामं पडलीत," मी म्हणाले.

तीन दिवस मी गप्प होते. ज्यांना मी माहीत नाही त्यांना यात काय विशेष, असं वाटेल. पण मंगळवारी एका गिऱ्हाईक बाईनं तिच्या झग्यात तीन चुका काढल्या आणि मी "बरं" म्हणाले. तिचा चेहरा पांढरा पडला. उगाच बोलले हो, म्हणत झगा तसाच घेऊन गेली. बुधवारी मी एका फ्रॉकला गळ्याच्या जागी बाही जोडली. आईनं माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला.

"ताप नाही," ती म्हणाली. "मग आहे तरी काय?"

"काही नाही."

"घुबडाशी भांडलीस?"

"नाही."

"मग भांड. घरात काय हे मयताचं वातावरण!"

तो रोज येत होता. फोटो बघत बसायचा, उठून जायचा. गुरुवारी आला तेव्हा गालावर उशीची घडी नव्हती. रात्री झोपला होता, माणसांसारखा.

"आज कचेरीत जाऊन टेबल पुसून आलो," तो म्हणाला. "खिडकीपाशी आहे. तिथून तुमचं दुकान दिसतं... तेवढं बरं आहे."

आणि हसला. पहिल्या धुण्यातच रंग गेलेल्या कापडासारखं हसू. मला हवी होती ती खिडकी मिळत होती, पण तिच्यात जो बसणार होता तो हा नव्हताच. हा तर टाचण्यांवर बसून न उठणाऱ्या माणसाचा नुसता सदरा होता.

"तो दोऱ्याचा फोटो काढा," मी म्हणाले.

"आता काय उपयोग..."

"काढा म्हणते ना!"

मी बॉबिनमधून वीतभर दोरा ओढला आणि फोटोतल्या दोऱ्याशेजारी तसाच उभा धरला. "पीळ बघा. माझा इकडे चढतो. तुमचा तिकडे. आता सांगा, दोरा खोटा की फोटो?"

त्यानं दोरा बघितला. फोटो बघितला. परत दोरा. मग पाकिटातून फिल्मचा तुकडा काढून दाराच्या उजेडात धरला, पालटला, आणि तोंडानं एक विचित्र आवाज काढून टेकडीच्या दिशेनं पळत सुटला. 'येतो' नाही, काही नाही.

"गेला?" आईनं आतून विचारलं.

"गेला."

आईनं उठून चहा टाकला. तिला बरंच कळायचं.

शनिवारी संध्याकाळी तो आला. हातात साहेबांचं पत्र. सगळी मापं जुळली होती. सोमवारी निघायचं.

"छान झालं," मी म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला घेतला. सुई आधीच ओवलेली होती.

"पीळ तुम्हाला कधी दिसला?"

आता खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी."

"आणि सांगितलं गुरुवारी."

"हो."

"तीन रात्री आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही."

"माहितीये. अंगणातून बघत होते."

त्यानं पत्राची घडी घालून खिशात ठेवली.  मग तो म्हणाला, "का सांगितलं नाहीस?"

नाहीस! इतके दिवस तुम्ही-तुम्ही करणारा माणूस... त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास."

निसटलं ते निसटलं. टाका घातल्यावर उसवता येतो, हे उसवता येणार नव्हतं.

"मला राग यायला हवा," तो म्हणाला. "सकाळपासून प्रयत्न करतोय. येतच नाहीये."

"मी मदत करू?"

"नको. तू... ये. माझ्याबरोबर. म्हणजे लग्न करून. म्हणजे लगेच नाही, मी आधी जाऊन खोली बघतो, मग..."

"मशीन येईल माझ्याबरोबर."

"किती वजनाचं आहे?" त्यानं खिशातून पेन्सिल काढली.

तेवढ्यात आई बाहेर आली, बोटात शिवणाचं टोपण तसंच. "मला कुणी विचारणार आहे का? रात्री घरात नसणारा जावई! आणि दिवसा?"

"दिवसा झोपतो," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग ही संसार कुणाशी करणार? भिंतीशी?"

"आई, मला तर चालेल," मी म्हणाले. "मी दिवसभर बोलेन, हा उलट उत्तर देणार नाही. असा नवरा शोधून मिळत नाही."

"मी झोपणार नाही," तो म्हणाला. पेन्सिल त्यानं परत खिशात ठेवली होती. "डोळे मिटून ऐकेन. ते तीन दिवस तू गप्प होतीस ना... मला वाटलं, तारा चुकला म्हणून माझा जीव घाबरा झालाय. नंतर कळलं, कारण तारा नव्हताच."

आईनं त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. इतकं बघायला तिला वेळ लागला, तो उंच होता. मग माझ्याकडे वळली.

"हिचं बोलणं बंद झालं म्हणून घाबरलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतेय," ती म्हणाली. "लवकर हो म्हण गं. तो शुद्धीवर यायच्या आत."